एका बोटानं सरकणारं दार

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला सगळे उघडझाप म्हणतात. तो दारं करतो. लोखंडी फाटकं, दुकानांची शटरं, गोदामांची सरकती दारं, जे म्हणून उघडतं आणि मिटतं ते सगळं. नाव मात्र धंद्यामुळे पडलं नाही, सवयीमुळे पडलं. कुठलंही दार दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. तो ते उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो, कान देऊन ऐकतो आणि मग मान हलवतो. एकदा दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्यानं तिथलं काचेचं दार इतक्यांदा उघडलं न् लावलं की डॉक्टर उठून बाहेर आले आणि म्हणाले, "मघापासून कोण आत येतंय, आणि येत का नाहीये?" मी नवा फ्रिज घेतला तेव्हा कौतुकानं त्याला वर बोलावलं. त्यानं आत ढुंकूनही पाहिलं नाही. दार हलवत राहिला आणि जाताना म्हणाला, "बिजागरी चांगली आहे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

त्याचं लग्नही दारामुळेच जमलं. वहिनींच्या माहेरी मागचं दार अडकायचं, ते दुरुस्त करायला हा गेला होता. दार पहिल्याच दिवशी नीट झालं. पण "परत अडकत नाही ना, जरा बघून जातो" असं म्हणत हा रोज येतच राहिला. शेवटी सासूबाई मुलीला म्हणाल्या, "दार केव्हाच बरं झालंय गं. आता या माणसाचं काय करायचं ते तू बघ."

वहिनींनी बघितलं. आता सासूबाईही त्यांच्याकडेच राहतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण नेमकं काय कमी ऐकायचं ते त्या ठरवतात.

वहिनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस होत्या. मोजकं बोलायच्या. नवऱ्याच्या सवयीबद्दल कुणी काही म्हटलं तर एवढंच सांगायच्या, "आमच्या दवाखान्यात बरं. माणसं एकदाच उघडतात आणि एकदाच मिटतात."

कारखान्यात उघडझापचा भागीदार म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. हा वेल्डर. हात सोन्याचा, पण चेहरा कायम तेराव्याहून आल्यासारखा. कुठलंही काम उभं राहिलं की तो दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून म्हणायचा, "पडेल." त्यामुळे त्याचंही नाव पडेलच पडलं. एकाला सगळं जमणारच असं वाटायचं आणि दुसऱ्याला काहीच जमणार नाही असं. त्यांची दारं मात्र जागच्या जागी उभी होती.

उघडझापचं एक गुपित होतं आणि ते फक्त वहिनींना माहीत होतं. त्याला उंचीची भीती वाटायची. घरात बल्ब बदलायचा तर स्टुलावर वहिनी चढायच्या आणि हा खाली उभा राहून सूचना द्यायचा. कामावर शिडीवर जायचा तो पडेल. "मी वर गेलो तर खालून बघणार कोण?" असं उघडझाप म्हणायचा, आणि खालून एवढ्या मोठ्यानं ओरडायचा की शेजारच्या इमारतीतली माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून 'डावीकडे' सरकायची.

तर गावाबाहेर एक लहानसं विमानतळ आहे. तिथं विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे आणि शाळेच्या प्रमुख आहेत कॅप्टनबाई. उंच, सडसडीत, केस अगदी बारीक कापलेले, आणि आवाज असा की ऐकणारा आपोआप ताठ उभा राहतो. त्यांना जगात दोनच गोष्टींचा लळा होता, विमानांचा आणि विमानं ठेवायच्या हँगरच्या कडेला स्वतः लावलेल्या टोमॅटोंचा.

या शाळेनं एक मोठं विमान घेतलं. घेताना पंखांची रुंदी तपासली, इंजिन तपासलं, खुर्च्यांचे पट्टेसुद्धा ओढून पाहिले. शेपटीची उंची मात्र सगळ्यांनी दुसऱ्या कुणीतरी पाहिली असेल असं धरलं. विमान आलं, थाटात उतरलं, ढकलत ढकलत हँगरपाशी आणलं. नाक आत गेलं. पंख दोन्ही बाजूंना घासता घासता आत गेले. आणि शेपूट वरच्या तुळईला जाऊन टेकली.

तिथला मेकॅनिक वयानं मोठा, अनुभवी. तो म्हणाला, मागून दाबलं की शेपूट खाली येते. मग तो दाबायला लागला. पुरेना म्हणून शिकाऊ वैमानिक दाबायला लागले. तरी पुरेना तेव्हा कॅप्टनबाई स्वतः टोपी काढून लोंबकळल्या. तरीही वीतभर उरलंच. बाई खाली उतरल्या, टोपी घातली आणि म्हणाल्या, "विमान कापता येणार नाही. दार मोठं करा."

त्यासाठी उघडझापला बोलावणं गेलं.

पहिल्या दिवशी तो आणि पडेल दार बघायला गेले. जुने पल्ले पत्र्याचे, गंजलेले, खालची चाकं रुळात रुतून बसलेली. मेकॅनिक म्हणाला, "हे उघडायला ट्रॅक्टर लागतो, आणि लावायला शिव्या." उघडझापनं सवयीनं पल्ल्याला हात घातला, जोर केला, आणखी जोर केला. दार जागचं हललं नाही, त्याच्या शर्टाची शिवण मात्र उघडली. आयुष्यात प्रथमच एक दार त्याच्याकडून उघडलं नव्हतं. मग त्यानं वर पाहिलं. जुनी तुळई कुठं, नवी कुठं लागेल, पल्ल्यांना वरून धरणारी लोखंडी पन्हळ कुठवर न्यावी लागेल, असं बघत बघत मान मागे जात राहिली आणि शेवटी त्यानं पटकन खाली बघून पडेलचा दंड धरला.

"होऊन जाईल," तो कॅप्टनबाईंना म्हणाला. "दार असं करतो की एका बोटानं सरकेल."

पडेलनं मान तिरकी केली आणि ठरलेला शब्द उच्चारला.

काम सुरू झालं. जुने पल्ले काढले तेव्हा हँगर बोळकं झाल्यासारखा दिसायला लागला, असं वहिनी म्हणाल्या. आतल्या लहान विमानांवर पाखरं येऊन बसू लागली आणि एका कुत्रीनं नव्या विमानाच्या चाकामागे पिल्लं घातली. कॅप्टनबाईंनी तिला हाकलायला बंदी केली. "ती दार लागायची वाट बघत नाहीये, ती शहाणी आहे," असं त्या उघडझापकडे बघत म्हणाल्या. इकडे दोन्ही बाजूंना नवे खांब उभे राहिले. वरची तुळई काढून आणखी उंचावर नवी बसली. जमिनीतले रूळ बदलले आणि हँगरच्या भिंतीबाहेरही दोन्हीकडे लांबवले, म्हणजे पल्ले भिंतीपलीकडे जाऊन उभे राहतील आणि मधलं तोंड पूर्ण मोकळं होईल. उजवीकडचे रूळ कॅप्टनबाईंच्या टोमॅटोच्या वाफ्यापाशी येऊन थांबत होते. "याच्या पुढे इंचभरही नाही," बाईंनी बजावलं होतं.

या सगळ्यात वर चढला तो पडेल. कात्रीसारखी उलगडत वर जाणारी एक लिफ्ट आणली होती. पडेल तिच्यात उभा राहून वर जायचा, आणि उघडझाप खाली कॅप्टनबाईंची दुर्बीण डोळ्यांना लावून हुकूम सोडायचा. "तो बोल्ट आणखी आवळ! अरे, दिसतोय मला इथून!" पडेल वरून म्हणायचा, "दाजी, तो बोल्ट नाही, पाल आहे."

पल्ले क्रेननं एकेक करून रुळावर उभे केले. खाली बेअरिंगची चाकं, वर पन्हळीत फिरणारे रोलर. सगळं नेमकं बसलं. उघडझाप इतका खूश झाला की त्यानं तेव्हाच उद्घाटनाची चाचणी जाहीर केली.

"दाजी, आधी रुळाच्या टोकांना स्टॉपर लावू," पडेल म्हणाला.

"स्टॉपर लावायला काय लागतं? आधी दार सरकतंय का ते लोकांना बघू दे."

"पडेल."

"अरे, तुला दुसरा शब्द येतो का?"

चाचणीला आम्हाला सगळ्यांना नेलं होतं. मला नेलं ते माझ्या मोटारीसाठी, कारण सासूबाईंना टेम्पोत मागे बसवणं बरं दिसलं नसतं. दुपारची वेळ, लख्ख ऊन, वारा बऱ्यापैकी. शाळेतली मुलंमुली रांगेत उभी. नवे पल्ले निळ्या रंगात चकाकत होते. उघडझापनं स्वच्छ शर्ट घातला होता आणि तो इतकं हसत होता की वहिनी त्याच्या दाढांबद्दल काहीतरी पुटपुटल्या.

"इथं जमलेल्यांत सगळ्यांत वडील कोण?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

सासूबाईंना हे अगदी स्वच्छ ऐकू गेलं. त्या पुढे झाल्या. "कुठं लावू बोट?"

"कुठंही लावा, आई," उघडझाप म्हणाला.

सासूबाईंनी बोट लावलं. काही झालं नाही. त्यांनी जावयाकडे पाहिलं. "आई, थोडा जोर," तो हळूच म्हणाला. मग त्यांनी पदर खोचला, दोन्ही तळवे पल्ल्यावर टेकले आणि जन्मभराचा हिशेब चुकता करावा तसा धक्का दिला.

पल्ला हलला. आवाज नाही, कुरकुर नाही; तेलातून सरकावा तसा सरकायला लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. उघडझाप पल्ल्याच्या बाजूनं चालत "बघा, बघा, हात लावायची गरज नाही" असं सांगत होता. आणि खरंच गरज नव्हती. मागून वारा आला आणि पल्ल्यानं वेग घेतला. उघडझाप चालायचा तो भरभर चालायला लागला. मग धावायला लागला. टाळ्या विरळ होत गेल्या.

"दाजी!" पडेल ओरडला. "स्टॉपर!"

उघडझापच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मी प्रत्यक्ष पाहिलं. तो पल्ल्याला मागे टाकून पुढे धावला आणि रुळाच्या टोकाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला, जसं काही येणारं दार ओळखीचं आहे आणि त्याला बघून थांबेल.

"अहो, बाजूला व्हा!" वहिनी ओरडल्या. लग्नानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

तो बाजूला झाला. झाला म्हणजे पडला. पल्ला त्याच्या शेजारून, मोठ्या माणसानं लहान मुलाशेजारून जावं तसा शांतपणे गेला, रूळ संपल्यावर मऊ मातीत उतरला, टोमॅटोच्या वाफ्यात बराच आत घुसला आणि थांबला. वरचा एक रोलर पन्हळीच्या अगदी टोकाला वाकून अडकून राहिला, म्हणून तो कोसळला नाही. जरासा कलून उभा राहिला.

सगळ्यांनी पडेलकडे पाहिलं. पण त्याचा शब्द या वेळी चालणार नव्हता, कारण दार पडलंच नव्हतं.

मग सासूबाई हात झटकत म्हणाल्या, "जावईबापू, फारच हलकं झालंय हो."

कॅप्टनबाई वाफ्याकडे गेल्या. त्यांनी चिरडलेलं एक रोप उचललं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. उघडझाप मातीतून उठत म्हणाला, "बाई, मी सगळं नीट करतो." त्या म्हणाल्या, "दार तुम्ही नीट करालच. टोमॅटो कसे करणार?" हा प्रश्न त्याच्या जिव्हारी लागला.

त्यानंतर उघडझापनं दारांना हात लावणं सोडलं. हे ऐकायला साधं वाटतं, पण रोज बघायला फार कठीण होतं. तो जिन्याच्या फाटकापाशी येऊन उभा राहायचा, कुणी उघडलं की आत यायचा. कपाट वहिनी उघडायच्या तेव्हा हा शर्ट घालायचा. माझ्याकडे आला तर बेल वाजवून दोन पावलं मागे सरकायचा. सासूबाई मला म्हणाल्या, "घरात फार शांत वाटतं बघा. एवढी शांतता चांगली नाही." वहिनींनी दोन-तीनदा समजावलं, एकदा रागावल्याही. शेवटी त्यांनी दवाखान्यातून सुट्टी घेतली, नवऱ्याला माझ्या मोटारीत बसवलं आणि मोटारीचं दार स्वतः लावलं. "चला विमानतळावर," त्या मला म्हणाल्या.

तिथं क्रेन येऊन उभी होती. पल्ला वाफ्यातून अलगद उचलून रुळावर आणला आणि क्रेननं तो धरून ठेवला. आता वर जाऊन वाकलेला रोलर काढायचा आणि नवा बसवायचा होता. उघडझाप सवयीनं पडेलला म्हणाला, "हं, चढ."

"मी नाही चढणार," पडेल म्हणाला.

"का?"

"मला भीती वाटते."

"आजच कुठून आली भीती?"

"आजची नाही, दाजी. पहिल्यापासून आहे." पडेल बुटाच्या टोकानं माती उकरत होता. "वर गेलो की खाली बघवत नाही. तुम्ही खालून ओरडत असता ना, तेव्हा जरा बरं वाटतं. वाटतं, एवढा जोरात ओरडणारा माणूस आहे, म्हणजे त्याला सगळं ठाऊक असेल. पण परवा कळलं, तुम्हालाही नाही."

उघडझाप त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तू जे सारखं पडेल पडेल म्हणतोस..."

"ते दाराबद्दल नाही. माझ्याबद्दल म्हणतो."

इतकी वर्षं एक जण भीतीपोटी खाली राहिला होता आणि दुसरा भीतीपोटी वर जात होता. उघडझाप म्हणाला, "अरे, मलाही वाटते." पडेलचा विश्वास बसेना. "तुम्हाला? मग मला का चढवायचात?" उघडझाप सरळ लिफ्टच्या पाळण्यात जाऊन उभा राहिला. त्याचं एक पाऊल बाहेरच होतं. वहिनी त्याच्या मागोमाग चढल्या, त्याचं पाऊल आत घेतलं आणि फाटक लावलं.

लिफ्ट वर जायला लागली. उघडझापनं डोळे गच्च मिटले होते. खालून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, डोळे उघडा."

"नको."

"जन्मभर सगळ्या जगाची दारं उघडत आलात. तुमचे एवढे दोन राहिलेत."

थोड्या वेळानं पान्याचा आवाज यायला लागला, म्हणजे निदान एक तरी उघडला असावा. त्यानं जुना रोलर काढला. मग चुकून खाली पाहिलं आणि जो कठड्याला चिकटला तो सुटेना. नवा रोलर मग वहिनींनीच बसवला. तो नीट फिरेना, म्हणून त्यांनी पिशवीतून दवाखान्यातला तो लांब दांडीचा छोटा आरसा काढला, पन्हळीत घातला आणि सवयीनं म्हणाल्या, "जरा मोठा आ करा."

"केला," उघडझाप म्हणाला, आणि खरंच केला होता.

"तुम्ही नाही हो, पन्हळ. मागे काहीतरी अडकलंय इथं. दाढेत अडकावं तसं." वेल्डिंगचा एक तुकडा होता. त्यांनी तो चिमट्यानं काढला आणि खाली टाकण्याऐवजी रुमालात गुंडाळला. मग कठड्यावर कोपर टेकून चौफेर पाहिलं. धावपट्टी, शेतं, लांबवर गेलेला रस्ता. "अहो, इथून किती छान दिसतं," त्या म्हणाल्या. कठड्याच्या दुसऱ्या टोकाकडून फक्त "उतरूया" एवढंच आलं. त्या लगेच उतरल्या नाहीत.

रुळांच्या चारही टोकांना पडेलनं स्टॉपर लावले, असे की त्यावर हत्ती येऊन आदळला तरी परत जाईल. पल्ल्यांना ब्रेक बसवले, वाऱ्यासाठी जमिनीत उतरणारे खिळे बसवले. मग दार उघडलं. पल्ले दोन्हीकडे सरकले, भिंतीपलीकडे जाऊन मुकाट्यानं थांबले आणि हँगरचं तोंड पूर्ण मोकळं झालं. नवं विमान ढकलत आणलं. नाक गेलं, पंख गेले, दोन्हीकडे माणूस उभा राहील एवढी जागा उरली. शेपूट तुळईखाली आली तेव्हा सगळ्यांनीच नकळत माना खाली घातल्या. ती आरामात आत गेली. मेकॅनिकनं डोळे पुसले आणि कुत्री पिल्लांसकट आधीच एका कोपऱ्यात जाऊन बसली होती.

पडेल दोन पावलं मागे गेला, मान तिरकी केली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. "आता उभं राहील," तो म्हणाला, आणि आपणच दचकला.

उघडझापनं कॅप्टनबाईंसाठी वाफ्याला लोखंडी कुंपण करून दिलं. त्याला एक छोटं फाटकही केलं, आणि फाटक बसवल्यावर कितीतरी वेळ तो ते उघडत न् लावत उभा होता. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या मेकॅनिकला म्हणाल्या, "बरा झाला वाटतं."

उघडझाप आणि पडेलला आता मोठाली कामं येतात. परवाच बस आगाराची दारं बदलायला घेतली. तिथं वर कोण चढणार यावरून दोघा मेव्हण्यांमध्ये एकमेकांना आग्रह करण्याची फार सुंदर स्पर्धा झाली. ती ऐकून वहिनींनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मी काम सोडते, वरची पन्हळ आता मी बघणार. डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं. "तिथं तुम्हाला करमेल का?" त्यांनी विचारलं.

"करमेल," वहिनी म्हणाल्या. "इथं दात काढताना ओरडणारा माणूस कानाशी असतो. तिथं तो खूप खाली असतो."